एकाच काळी अनेक प्रकारची माणसे होती: आपल्या नामशेष नातलगांविषयी

वेण्णाकाठ (सातारा)

सायबेरियातील अल्ताई पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तेथील उत्खननात २०१२ साली हाडाचा एक तुकडा मिळाला. लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, आणि आकार इतका मोडका की हाड हरणाचे, तरसाचे की माणसाचे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे शक्य नव्हते. या गुहेतील असे दोन हजारांहून अधिक बेवारस तुकडे घेऊन संशोधकांनी त्यांतील कोलॅजन या प्रथिनाची तपासणी केली, तेव्हा हा एकच तुकडा मानवकुळातला निघाला. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. ते हाड सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या, किमान १३ वर्षे वयाच्या एका मुलीचे होते. तिची आई निअँडरथल होती आणि वडील डेनिसोव्हन होते; हे दोन्ही आज नामशेष झालेले मानवसमूह आहेत. वडिलांच्या पूर्वजांतही शेकडो पिढ्या मागे कोणीतरी निअँडरथल होते, हेही त्याच जनुकसंचातून दिसले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. उत्क्रांती म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते सर्वांच्या परिचयाचे आहे: डावीकडे वाकून चालणारा कपी (चिंपांझी-गोरिलाच्या गटातला बिनशेपटीचा प्राणी), मग थोडा ताठ झालेला, मग आणखी ताठ, आणि उजवीकडे टोकाला आपण. या चित्रातला प्रत्येक जण पुढच्याला जागा करून देतो आणि नाहीसा होतो. दोन वेगवेगळ्या मानवसमूहांच्या पोटी जन्मलेल्या या मुलीला त्या रांगेत कोठे उभे करायचे, याचे उत्तर त्या चित्राजवळ नाही.

सुमारे १ लाख वर्षांपूर्वीची पृथ्वी डोळ्यांसमोर आणून पाहावी. आफ्रिकेत आपण, म्हणजे होमो सेपियन्स, होतोच. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. युरोपात आणि पश्चिम आशियात निअँडरथल होते. आशियाच्या मोठ्या भागात डेनिसोव्हन होते. जावा बेटावरील नगांडोंग येथे होमो इरेक्टसच्या अखेरच्या ज्ञात कवट्या आहेत, आणि त्यांचे वय १ लाख ८ हजार ते १ लाख १७ हजार वर्षे ठरले आहे. फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीची, चिंपांझीएवढा मेंदू असलेली आणि दगडी हत्यारे वापरणारी माणसे होती. २००३ साली लियांग बुआ गुहेत त्यांचा सांगाडा मिळाला तेव्हा अनेक तज्ज्ञांनी तो एखाद्या आजारी माणसाचा असावा असे मानले होते. आज ती स्वतंत्र जात असल्याचे बहुतेकांना मान्य आहे. फिलिपिन्समधील लुझॉन बेटावर आणखी एक जात होती, तिचे नामकरण २०१९ साली झाले.

आज आपण पृथ्वीवर एकटे आहोत. ही स्थिती आपल्याला स्वाभाविक वाटते, परंतु मानवकुळाच्या सुमारे ७० लाख वर्षांच्या इतिहासात ती अपवादात्मक आहे, आणि ती आली त्याला फार तर ४० हजार वर्षांच्या आसपासचा काळ झाला आहे. माझे म्हणणे असे की दहावीच्या मुलांना ही गोष्ट सरळपणे सांगितली पाहिजे. येथे भूगर्भशास्त्र, वैद्यक आणि इतर क्षेत्रांतील मंडळी वाचतात. त्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी अशी विनंती आहे.


संगम (कराड)

सर, धागा आवडला. मी वकिली करतो, त्यामुळे पुराव्याविषयी विचारतो. यात अनादर नाही. हाडांवरून काढलेले निष्कर्ष दर काही वर्षांनी बदलताना आम्ही वाचतो. आमच्या पिढीने शाळेत रामापिथेकस हे नाव मानवाचा पहिला पूर्वज म्हणून पाठ केले होते. ते नाव आता कोठेच दिसत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा की रामापिथेकसचे काय झाले? आणि दुसरा असा की हाडे पूर्णपणे बाजूला ठेवली, तर आपले आणि कपींचे नाते सिद्ध करणारा स्वतंत्र पुरावा कोणता? महाबळेश्वरला माकडे समोर बसलेली असताना ‘यांच्यापासून माणूस झाला तर ही अजून माकडेच कशी?’ असे मुले विचारतात, त्यांना काय सांगावे हा तिसरा.


वेण्णाकाठ (सातारा)

वकीलसाहेब, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. महाबळेश्वरची माकडे आपली पूर्वज नाहीत, ती आपली दूरची चुलत भावंडे आहेत. त्यांची शाखा आणि कपींची शाखा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि तेव्हापासून त्यांच्यातही आपल्याइतकेच बदल होत आले आहेत. चिंपांझींची आणि आपली फारकत पुष्कळ अलीकडची, ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची आहे.

रामापिथेकसची कथा आपल्या देशातली आहे आणि ती मुलांना सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९३२ साली जी. एडवर्ड लुईस या अमेरिकी संशोधकाला हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर परिसरात, शिवालिकच्या खडकांत, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. जबड्याचा मधला भाग त्यात नव्हताच. पुढे १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो भाग कल्पनेने भरून जबड्याची कमान माणसासारखी गोलाकार मानली, आणि सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच मानवशाखा वेगळी झाली होती असा निष्कर्ष निघाला. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना करून हे अंतर सुमारे ५० लाख वर्षांचेच असल्याचे मांडले. जीवाश्मतज्ज्ञांनी ते बराच काळ मान्य केले नाही. अखेर पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकस या नामशेष कपीचा जवळजवळ पूर्ण चेहरा मिळाला, आणि १९८२ साली स्वतः पिलबीम यांनीच जाहीर केले की हा चेहरा ओरँगउटानच्या कुळाशी जुळतो. रामापिथेकस हा शिवापिथेकसच निघाला, आणि मानवाच्या वंशावळीतून त्याचे नाव गेले. आपण ज्याला निष्कर्ष बदलणे म्हणता ते येथे असे घडले: अर्धवट जबड्यावर उभारलेले अनुमान रक्तातील प्रथिनाने आधी हलवले आणि नव्या जीवाश्माने मग पाडले. दोन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र होते.

आता हाडांशिवायचा पुरावा. चिंपांझी, गोरिला आणि ओरँगउटान या तिघांच्याही पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात. आपल्यात २३ आहेत. पूर्वज समान असेल तर एक जोडी गेली कोठे, हा प्रश्न येतोच, कारण इतके मोठे गुणसूत्र नुसते हरवले असते तर तो जीव जगलाच नसता. मग एकच शक्यता उरते, ती म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असणार. तसे झाले असेल तर खूण राहिली पाहिजे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी हा डीएनएच्या सहा अक्षरांचा क्रम पुन्हा पुन्हा आलेला असतो, आणि तो टोकालाच असतो. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हा क्रम टोकांबरोबरच मधोमधही सापडतो; आणि तेथे एका बिंदूपर्यंत तो सरळ येतो व त्या बिंदूनंतर उलटा होतो, म्हणजे दोन टोके समोरासमोर येऊन चिकटली आहेत. शिवाय गुणसूत्राला एकच मध्यबिंदू (सेंट्रोमिअर, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जेथे धरले जाते ती जागा) असतो, तर येथे चालू मध्यबिंदूखेरीज दुसऱ्या एका निकामी झालेल्या मध्यबिंदूचे अवशेषही आहेत. जोडाच्या दोन्ही बाजूंची जनुके चिंपांझीच्या दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांशी ओळीने जुळतात. हीच जोडणी डेनिसोव्हनांच्या जनुकसंचातही आढळली आहे, त्यामुळे ती आपण आणि ते वेगळे होण्याआधीची आहे. न्यायालयात कागदावरची शिवण दाखवावी तसा हा पुरावा आहे, असे मी मानतो.


संगम (कराड)

दुसऱ्या गुणसूत्राची गोष्ट मला माहीत नव्हती. माझे समाधान झाले. अपेक्षित खूण आधी सांगून मग ती सापडणे, याला माझ्या व्यवसायात फार किंमत आहे.


काळा पाषाण (तासगाव)

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आहे, आणि नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला येथेच हात घालतो: इथिओपियात ल्युसी नावाचा प्राचीन सांगाडा मिळतो, चीनमध्ये कवट्या मिळतात, मग आपल्या सातारा-सांगलीत काहीच का मिळत नाही?

पहिले कारण आपल्या पायाखाली आहे. आपला काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा, आणि तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. मानवकुळ त्यानंतर जवळजवळ ६ कोटी वर्षांनी आले, त्यामुळे कोणत्याही दगडखाणीत कितीही खोल गेले तरी मूळ खडकात मानवी जीवाश्म असणे शक्य नाही. खाणीत आणि विहिरीत पांढरे, हिरवट स्फटिक निघतात, त्यांना काही जण हाडे समजतात. ती लाव्ह्यातील पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजे आहेत.

दुसरे कारण आपल्याकडे नैसर्गिक चुनखडीच्या गुहा नाहीत. डेनिसोवा काय, लियांग बुआ काय किंवा दक्षिण आफ्रिकेतील होमो नलेदीची रायझिंग स्टार गुहा काय, या सर्व चुनखडीच्या किंवा डोलोमाइटच्या आहेत. अशा गुहेत पाण्याबरोबर विरघळलेला चुना हाडांत आणि हाडांवर बसतो आणि ती टिकतात. कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात जी लेणी आहेत ती माणसाने पाषाणात खोदलेली आहेत, आणि तीही फार तर दोन हजार वर्षांच्या आसपासची. कास किंवा महाबळेश्वरच्या पठारावर जांभा आहे. तेथील माती आम्लधर्मी, पाऊस प्रचंड, त्यामुळे तेथे पडलेले हाड थोड्याच काळात विरघळून जाते. पूर्व आफ्रिकेतील खचदरीत याच्या नेमके उलट घडले: तळ्यांच्या गाळात हाडे झाकली गेली आणि त्या गाळाच्या वर-खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर बसले, ज्यांचे वय आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून मोजता येते. ल्युसीचे ३२ लाख वर्षे हे वय अशा राखेवरूनच ठरले आहे.

परंतु याचा अर्थ हा प्रदेश निर्मनुष्य होता असा मुळीच नाही. आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यात, खाली कर्नाटकात हुणसगी भागातील इसामपूर येथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी हातकुऱ्हाडी घडवण्याची जागाच उत्खननातून काढली. तेथे कच्चा दगड, अर्धवट घडवलेली हत्यारे आणि छिलके एकत्र मिळाले, आणि जनावरांच्या दातांवरून त्यांचा काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा निघाला आहे. पुणे जिल्ह्यात कऱ्हा नदीकाठी मोरगावला अशीच हत्यारे मिळाली आहेत. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडी तर सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. एवढ्या जुन्या काळी आपली जात अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे ही हत्यारे दुसऱ्या कोणा मानवाच्या हातची आहेत हे निश्चित.

त्या हातांची हाडे मात्र भारतात जवळजवळ नाहीत. महत्त्वाचा अपवाद एकच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ साली मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे, नर्मदेच्या गाळात कवटीचा वरचा भाग मिळाला. सुरुवातीला तिला होमो इरेक्टस म्हटले गेले, नंतरच्या अनेक अभ्यासकांना ती त्याहून पुढारलेल्या मानवाची वाटते, आणि तिच्या वयाविषयीही मतभेद आहेत. सबंध उपखंडाच्या लाखो वर्षांसाठी आपल्या हाती जवळजवळ एवढेच आहे. म्हणून मला वाटते की भारतातील मानवाविषयी बोलताना दगडावर जास्त आणि हाडावर कमी विसंबले पाहिजे.


येरळाकाठ (विटा)

फार चांगली माहिती मिळत आहे. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिने विचारले, डीएनए काढून सगळेच कळते तर नर्मदेच्या कवटीतून तो का काढत नाहीत?


दंतवैद्य (मिरज)

ताई, उष्णता हे त्याचे कारण आहे. डीएनएचे धागे काळाबरोबर तुटत जातात, आणि हवा जितकी उष्ण आणि दमट तितके ते वेगाने तुटतात. डेनिसोवा गुहेत वर्षभराचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते, म्हणून तेथे जनुकसंच टिकला. फ्लोरेसच्या बुटक्या माणसांचाही डीएनए याच कारणाने आजवर मिळालेला नाही. प्रथिने मात्र डीएनएपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात, आणि दाताच्या एनॅमलमध्ये ती सर्वांत जास्त टिकतात, कारण शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. स्पेनमधील होमो अँटेसेसर या जातीच्या सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या दातातून प्रथिने वाचता आली आहेत. उष्ण देशांतील जीवाश्मांची आशा त्यामुळे दातांवर आहे.

दातांचा विषय निघाला आहे तर थोडे सविस्तर लिहिते, कारण माझे रोजचे काम तेच आहे.

चीनमधील हार्बिनची कवटी १९३३ साली पुलाच्या बांधकामात मिळाली आणि नंतर विहिरीत लपवून ठेवली गेली होती, असे तिच्याविषयी सांगितले जाते. ती २०१८ मध्ये संशोधकांच्या हाती आली, २०२१ मध्ये तिला होमो लाँगी असे नाव दिले गेले, आणि २०२५ मध्ये ती डेनिसोव्हन असल्याचे सिद्ध झाले. त्याआधी डेनिसोव्हनांचा चेहरा कसा होता हे कोणालाच ठाऊक नव्हते; बोटाचे हाड, काही दाढा आणि तिबेटच्या पठारावरचा एक जबडा अशी मोजकीच त्यांची शिल्लक होती. या कवटीच्या हाडातून आणि दातातून डीएनए निघाला नाही. तो निघाला दातावर साचलेल्या कीटणातून. आम्ही दवाखान्यात यंत्राने खरवडून काढतो तेच हे कीटण. लाळेतील चुना जिवाणूंच्या थरावर बसत बसत त्याचा दगड होतो, आणि त्यात तोंडातील पेशी, अन्नाचे कण व जंतू बंदिस्त होतात. किमान १ लाख ४६ हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची ओळख अशी पटली.

स्पेनमधील एल सिद्रॉन गुहेतील निअँडरथलांच्या कीटणात पाइनच्या बिया, अळिंबी आणि शेवाळ यांचे अंश आढळले. त्यांतील एकाच्या दाताला गळू झाले होते, आणि त्याच्याच कीटणात पॉप्लर झाडाचा अंश मिळाला. या झाडाच्या सालीत ॲस्पिरिनशी संबंधित वेदनाशामक द्रव्य असते. त्याने ते औषध म्हणूनच चघळले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु दातदुखीने माणूस काय काय चघळून पाहतो हे मी रोज पाहते.

आता आपल्या जेवणाशी संबंधित एक गोष्ट. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या वनस्पती हवेतील कार्बन एका पद्धतीने घेतात, तिला सी-४ म्हणतात. गहू, तांदूळ, तूर, हरभरा आणि बहुतेक झाडे दुसऱ्या पद्धतीने घेतात, ती सी-३. सी-४ वनस्पतींत जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३ चे, प्रमाण किंचित जास्त असते आणि ते खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये कायमचे उतरते. एनॅमल बालपणीच तयार होत असल्याने जत-आटपाडीकडे लहानपणी भाकरीवर वाढलेल्या माणसाचा दात आणि कोकणात भातावर वाढलेल्या माणसाचा दात प्रयोगशाळेत वेगळा ओळखता येईल. हीच पद्धत पॅरान्थ्रोपस बॉइसी या नामशेष नातलगाला लावली गेली. १९५९ साली मेरी लीकी यांना टांझानियातील ओल्डुवाई येथे त्याची कवटी मिळाली. त्याच्या दाढा इतक्या रुंद आणि एनॅमल इतके जाड की तो कठीण कवचाची फळे फोडून खात असणार असे पन्नास वर्षे मानले गेले. २०११ मध्ये कार्बन मोजला तेव्हा त्याच्या आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सी-४ वनस्पतींचा, म्हणजे गवताचा आणि लव्हाळ्याचा निघाला. तो दिवसभर गवत रवंथ केल्यासारखे चघळत होता, आणि त्या दाढा झिजेसाठी होत्या. दाताचा आकार पाहून आहार ठरवण्याचा मोह किती फसवा असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शेवटचे एक. जॉर्जिया देशातील द्मानिसी येथे सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या मिळाल्या आहेत. त्यांतील एकीत एक सोडून सर्व दात गेलेले आहेत. दात पडला की त्याच्या खळगीतले हाड हळूहळू भरते आणि मग जबड्याची कडच झिजून सपाट होते; ज्यांनी वर्षानुवर्षे कवळी लावली नाही अशा वृद्धांत हे मला नेहमी दिसते. त्या जबड्याची कड तशीच सपाट झाली आहे. म्हणजे दात गेल्यावरही तो माणूस काही वर्षे जगला. त्या काळी चूल नव्हती, शिजवलेले मऊ अन्न नव्हते. त्याला कोणी मांस ठेचून दिले, कोणी मगज किंवा मऊ कंद दिला, असे अनुमान अनेक संशोधक करतात आणि मला ते पटते. ज्यांचा मेंदू आपल्या निम्म्याच्या आसपास होता त्यांच्यात एकमेकांना सांभाळणे होते, या शक्यतेने मी फार भारावून जाते.


येरळाकाठ (विटा)

डॉक्टर, हे सगळे मुलीला वाचून दाखवले. सर, आता माझा प्रश्न. करोनाच्या वेळी बातमी आली होती की आपल्यातील निअँडरथल अंशामुळे भारतीयांना तो आजार जास्त जड गेला. हे खरे आहे का? आणि मुळात आपल्यात तो अंश आला कसा?


वेण्णाकाठ (सातारा)

ताई, बातमीत तथ्य आहे, पण तिची मांडणी अपुरी होती. आपली जात आफ्रिकेतून बाहेर पडली तेव्हा पश्चिम आशियात निअँडरथलांशी तिचा संबंध आला आणि त्यातून संतती झाली. त्यामुळे आफ्रिकेबाहेरच्या सर्व लोकांच्या जनुकसंचात आज सुमारे २ टक्के भाग निअँडरथलांचा आहे. स्वांटे पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये हे दाखवले, आणि २०२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत याशिवाय ३ ते ५ टक्के अंश डेनिसोव्हनांचाही आहे. तिबेटी लोकांना विरळ हवेत राहणे ज्या जनुकामुळे सोपे जाते तेही डेनिसोव्हनांकडून आलेले आहे.

करोनासंबंधी ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले ते असे: तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्यात आहे त्यांना आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, आणि तो तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत तो आढळतो, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत. पण बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा याच आजारात संरक्षण देतो, हे त्याच दोघांनी पुढच्या वर्षी दाखवले, आणि त्याला मथळे मिळाले नाहीत. वय, मधुमेह आणि वेळेवर प्राणवायू मिळणे या गोष्टींचा परिणाम कोणत्याही एका तुकड्यापेक्षा मोठा होता. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी जे सोसले, त्याचे ओझे हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांवर टाकणे बरोबर नाही.

वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसव्याचा वड ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझे म्हणणे चटकन कळेल. तेथे फांदीतून पारंबी उतरते, तिचे खोड होते, ते खोड पुन्हा दुसऱ्या फांदीला आधार देते, आणि मूळ खोड कोणते हे दाखवता येत नाही. आपली वंशावळ तशी आहे. फांद्या फुटल्या, दूर गेल्या, आणि काही पुन्हा जोडल्या गेल्या.


संगम (कराड)

सर, मग त्या सगळ्या गेल्या कशा? आपण त्यांना मारले का? आणि रांगेचे चित्र पुसायचे ठरवले तर फळ्यावर त्याऐवजी काय काढणार?


वेण्णाकाठ (सातारा)

निअँडरथलांपुरते बोलतो, कारण त्यांच्याविषयी पुरावा सर्वांत जास्त आहे. ते मतिमंद होते म्हणून गेले, हे मत आता सोडून दिले पाहिजे. त्यांचा मेंदू आपल्याएवढाच, किंबहुना सरासरीने थोडा मोठा होता. फ्रान्समधील ला शापेल येथे १९०८ साली मिळालेल्या सांगाड्यावरून मार्सेलँ बूल यांनी त्यांना पोक काढून, गुडघ्यात वाकून चालणारे ठरवले, आणि ते रूप पुस्तकांतून पन्नास वर्षे राहिले. १९५७ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्या माणसाला सांधेदुखी होती हे लक्षात आले; निरोगी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असे. इराकमधील शनिदार गुहेतील एका निअँडरथलाचा उजवा हात निकामी होता आणि चेहऱ्यावरच्या जुन्या आघाताने एक डोळा बहुधा गेलेला होता, तरी तो ४० वर्षांपलीकडे जगला.

त्यांची कमजोरी संख्येत होती. अल्ताईमधील एका निअँडरथल स्त्रीच्या जनुकसंचावरून तिचे आईवडील सावत्र भावंडांइतक्या जवळच्या नात्यातले होते असे दिसते, आणि तिच्या अनेक पिढ्या आधीपासून लोकसंख्या लहान होती हेही दिसते. लहान, विखुरलेल्या गटांत हानिकारक जनुके साचत जातात. एखादा फार कडक हिवाळा किंवा शिकारीचा तुटवडा आला की गट संपतो, आणि त्याची जागा भरायला शेजारी गट नसतो. अशा स्थितीत संख्येने मोठी असलेली आपली जात त्याच दऱ्यांत, त्याच शिकारीवर येऊन पोहोचली. सर्वत्र कत्तल झाली असे म्हणण्यास हाडांत आधार नाही. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी त्यांच्या खुणा थांबतात.

फळ्याविषयी: मी डावीकडून उजवीकडे काळाची रेघ आखतो, ७० लाख वर्षांपासून आजपर्यंत, आणि प्रत्येक जातीसाठी तिच्या काळाएवढी आडवी पट्टी काढतो. ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिसची, म्हणजे ल्युसीच्या जातीची, पट्टी सुमारे ३९ ते २९ लाख वर्षांची. होमो इरेक्टसची सर्वांत लांब, जवळजवळ १९ लाखांपासून १ लाखापर्यंत. बॉइसीची पट्टी तिच्याच खाली बराच काळ समांतर चालते. आपली पट्टी सबंध रेघेच्या विसाव्या भागाएवढीही होत नाही. मग मुलांना कोणत्याही काळावर उभी रेघ मारायला सांगतो आणि ती किती पट्ट्यांना छेदते ते मोजायला सांगतो. गेल्या २० लाख वर्षांत एकाच पट्टीला छेदणारी जागा त्यांना सापडते ती अगदी उजव्या कडेला.


काळा पाषाण (तासगाव)

सरांचा तक्ता उत्तम आहे. आपल्या भागापुरती एक व्यावहारिक गोष्ट जोडतो. मूळ पाषाणात काही मिळणार नाही हे मी वर लिहिले, पण नद्यांच्या जुन्या गाळात मिळू शकते. मांजरा आणि गोदावरी यांच्या गाळात हत्ती आणि रानगव्यासारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मिरजेपासून फार दूर नसलेल्या गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यात, रॉबर्ट ब्रूस फूट यांना १९ व्या शतकातच गेंड्याचे जीवाश्म मिळाले होते. तेव्हा कृष्णा, येरळा किंवा अग्रणीच्या काठी जेथे काळ्या मातीखाली चुनखडीयुक्त पिवळा गाळ आणि त्याखाली गोट्यांचा घट्ट थर उघडा पडतो, तेथे लक्ष ठेवण्यासारखे असते. विहिरीचे किंवा शेततळ्याचे काम चालू असताना असा थर हमखास दिसतो.

गोट्यांत एखादा दगड बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी छिलके उडवलेला दिसला तर तो धुऊ नये आणि घरी नेऊ नये. पाण्याने घासलेल्या गोट्यावरचे तडे वेडेवाकडे जातात. माणसाने मारलेल्या घावाखाली मात्र शिंपल्यासारखा गोल फुगवटा येतो आणि त्यापासून लाटांसारख्या रेषा पसरतात, आणि असे घाव कडेने ओळीने असतात. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून जागेवरच छायाचित्र घ्यावे, तो कोणत्या थरात आणि जमिनीपासून किती खोल होता हे लिहून ठेवावे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. थरातून काढून आणलेल्या हत्यारावरून त्याचे वय कळत नाही, कारण वय मोजायचे असते ते त्या थराचे.